आकडा आला का गं?

"थांब ना मावशीआजी, अजून आकडा आला नाही!"

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याला भाचीकडे गेले होते. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गोल्फ शिकते. आता गोल्फ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय येणार? आम्हा खान्देशवाल्यांना हा शब्द कळला तो नाशिकच्या 'गोल्फ क्लब' मैदानामुळे. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळ-संध्याकाळ माणसं फिरायला येतात. गोल्फ खेळणारं मात्र मी तिथे कधी कोणी पाहिलं नाही! त्यामुळे पोरीबरोबर तिच्या क्लासला जायचं म्हटल्यावर हिरवंगार मैदान बघायला मिळेल म्हणून मी चपला बदलून बूट घालून निघाले.

बघते तर काय, एक बंद खोली. समोर भलामोठा पडदा, त्यावर मैदानाचं चित्र. मागे एक छोटी पेटी ठेवलेली. पोरगी चेंडू मारते, चेंडू पडद्यावर आदळून खाली पडतो आणि पेटी सांगते की खऱ्या मैदानावर तो किती मीटर गेला असता. शिवाय काठीचा वेग, चेंडूचा वेग, तो किती अंशात उडाला, हवेत किती गिरक्या घेतल्या. डेन्मार्कमध्ये २००३ साली स्थापन झालेल्या ट्रॅकमॅन या कंपनीने असं रडारचं यंत्र आणलं आणि आता जगभरचे व्यावसायिक खेळाडू अशा यंत्रांवर सराव करतात. गाडीचा वेग मोजणारं पोलिसांचं यंत्र असतं ना, तत्त्व तेच.

मी तोंडात बोट घालून बघत राहिले. सर चांगले होते, तरुण होते, आवाज चढवत नव्हते. हातातल्या टॅबवर बघून शांतपणे सांगत होते, "कोन दोन अंशांनी कमी कर." पोरगी मान हलवायची, मारायची आणि चेंडू कुठे आदळला ते बघायच्या आधीच कोपऱ्यातल्या आकड्यांकडे मान वळवायची. एक फटका इतका सुरेख बसला की त्याचा 'टक्' आवाज मलाही कळला. मी विचारलं, "कसा वाटला गं हा?"

त्यावर तिचं उत्तर ते, जे वर लिहिलं आहे. आकडा आला नव्हता, म्हणून फटका कसा वाटला हे तिला ठाऊक नव्हतं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, पाचोऱ्यात गोल्फचा काय संबंध? हिवरा नदीच्या काठच्या या गावात गोल्फचं मैदान नाही, आणि रडारची पेटी घ्यायला लागणारे लाखो रुपये आमच्या कुठल्याच शाळेकडे नाहीत. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण एकतीस वर्षं मी पाचोऱ्यात मुलींना खो-खो शिकवला आहे आणि आकड्याची वाट बघत बसण्याची ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्याकडे तेव्हा रडार नव्हतं, गळ्यात एक स्टॉपवॉच होतं.

२००५ च्या आसपासची गोष्ट. संघात एक मुलगी होती, वरखेडीकडून पी.जे.ने यायची. पी.जे. म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, २०२० च्या टाळेबंदीपर्यंत धावत होती. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून तिच्यासाठी आम्ही सराव लवकर सुरू करायचो. संरक्षणात ती अशी पळायची की बघत राहावं. तीन-साडेतीन मिनिटं कुणाच्या हाताला लागायची नाही. अंगाने हुलकावणी देऊन पाटीतून सुळकन निघून जायची.

मग तिचा वेळ घसरायला लागला. तीन मिनिटं, अडीच, दोन, पुढे तर एक मिनिटसुद्धा नाही. मी सगळं वहीत लिहीत होते. सहा आठवड्यांचे आकडे, तारखेसह, लाल पेनाने. वही तिच्यासमोर धरून मी म्हणाले, "हे बघ, तुझा आळस इथे लिहिलेला आहे." सगळ्या मुलींसमोर म्हणाले.

दोन दिवसांनी तिची आई आली. कपाशी वेचून थेट आली होती, ओढणीत कापसाचे धागे अडकलेले. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, तिले चक्कर येस. घरी सांगत नही, खेळाले जाऊ देणार नही म्हनीसन." दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन साडेसात! बाईचं किमान बारा असायला हवं. वेचणीचा हंगाम, पहाटे आईबरोबर शेतात, मग शाळा, मग मैदान. डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पाळीत रक्त जास्त जायचं, ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं, मला काय सांगणार?

माझ्या वहीतले सगळे आकडे खरे होते. एकही सेकंद इकडचा तिकडे नव्हता. चूक माझ्या वाचण्यात होती. आकडा मला सांगत होता की हिचं काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय हे मी तिला विचारायला हवं होतं. मी न विचारता स्वतःच उत्तर लिहून टाकलं, आळस.

ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये तर ५९ टक्के. म्हणजे मैदानावर उतरलेल्या दहा मुलींपैकी पाच-सहा जणी अशा असू शकतात. त्यांचा वेग कमी पडला की आपण तंत्र सुधारायला धावतो. खरं तर आधी ताटात काय आहे ते बघायला हवं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही २०१४ साली याची दखल घेतली. खेळाडूच्या पोटात जेवढं जातं त्यापेक्षा मेहनत जास्त झाली, तर पाळी, हाडं, मन, सगळ्यावर परिणाम होतो, असं तिने मांडलं. आपल्या आज्या हे 'अंगाला लागत नाही' एवढ्या शब्दांत सांगायच्या.

पण थांबा. म्हणजे यंत्र वाईट आणि आमच्या वेळची अनुभवी नजर चांगली, असं मला म्हणायचं आहे का? अजिबात नाही. कारण माझ्या अनुभवी नजरेचंही पितळ एकदा उघडं पडलं आहे, आणि तेही एका साध्या मोबाइलने.

नंतरच्या काळातली एक मुलगी. खांबाजवळ वळताना सारखी पडायची, गुडघा सुजायचा. मी म्हणायचे, "घाई करतेस, पाय नीट टाक." वर्षभर हेच. एक दिवस संघातल्याच एका मुलीच्या भावाने मोबाइलवर तिचं चित्रण केलं आणि संथ गतीने दाखवलं. वळताना तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूला दुमडत होता! डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्या वेळात होणारी ती गोष्ट वीस वर्षांच्या माझ्या नजरेला एकदाही दिसली नव्हती. वळण्या-उड्या मारण्याच्या खेळांत गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं. मांडीचे, कमरेचे स्नायू बळकट केले, उडी मारून उतरायचं कसं हे शिकवलं, तर धोका बराच कमी होतो. हे मला नंतर वाचून कळलं. तिला ते व्यायाम दिले, पडणं थांबलं. त्या मोबाइलने तिचा गुडघा वाचवला म्हटलं तरी चालेल. "आम्हाला काय करायचीत यंत्रं," असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या शिक्षकांना मी हा किस्सा मुद्दाम सांगते.

तर मुद्दा यंत्र हवं की नको हा नाहीच. ते कधी काढायचं आणि कधी खिशात ठेवायचं, हा आहे.

याचं उत्तर शोधताना गंमत म्हणजे मला गोल्फच उपयोगी पडलं. भाचीने मला काही वाचायला दिलं. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गोल्फ कधीच न खेळलेल्या माणसांवर एक प्रयोग केला. काही जणांना सांगितलं, आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. बाकीच्यांना सांगितलं, काठी कशी फिरतेय तिकडे लक्ष द्या. ज्यांनी काठीकडे लक्ष दिलं ते जास्त चांगले शिकले. म्हणजे बघा, 'कोपर इथे, मनगट तिथे, कोन एवढा' असं डोक्यात भरलं की शरीर अडखळतं. आपण पोळी लाटताना मनगटाचा विचार करतो का? पोळी गोल होतेय ना, एवढंच बघतो, हात आपोआप वळतात. नव्या सुनेला "मनगट असं नको, तसं धर" म्हणून बघा, पोळीचा नकाशा झालाच समजा!

दुसरी गोष्टही शिकवण्याच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच 'बरोबर-चूक' सांगत गेलं तर सरावात प्रगती छान दिसते. पण ते सांगणं काढून घेतलं की शिकलेलं टिकत नाही, कारण शिकणाऱ्याला स्वतःचं स्वतः ओळखायची सवयच लागत नाही. माझ्या नातीचं नेमकं हेच होत होतं. स्पर्धेच्या मैदानावर तिच्या मागे कुणी तो आकडे दाखवणारा पडदा घेऊन उभं राहणार नाही.

मग तिथे मागे कोण उभं असतं? ७ ऑगस्ट २०२१ आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने भाल्याचं सुवर्ण जिंकलं तो दिवस. त्याच सकाळी बंगळुरूची अदिती अशोक गोल्फमध्ये चौथी आली. कांस्यपदक फक्त एका फटक्याने हुकलं. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी तिला कोरोना झाला होता, अंगात पुरती ताकद आली नव्हती. लांब चेंडू मारण्यात ती बाकीच्या नामवंत खेळाडूंच्या बरीच मागे होती. पडद्यावरचा 'किती मीटर' हा एकच आकडा बघणाऱ्याने तिला पहिल्याच दिवशी मोडीत काढलं असतं. पण खड्ड्याजवळचे छोटे फटके तिने इतक्या थंड डोक्याने मारले की गोल्फचा ग सुद्धा माहीत नसलेला भारत सकाळी उठून टीव्हीसमोर बसला. आणि तिची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चारही दिवस तिच्याबरोबर चालत होती तिची आई, माहेश्वरी.

आपल्याकडचं उदाहरण हवं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. नेमबाजी तर यंत्रांचाच खेळ. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक गोळीचा हिशेब दशांशात दाखवतं. पण पदक मिळाल्यावर तो बोलला ते आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांच्याबद्दल, त्या मला दुसऱ्या आईसारख्या आहेत म्हणून. दीपालीताई स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. त्यांना दशांश वाचता येतो आणि माणूसही. मला वाटतं, शिकवणारा असा हवा.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायला मला जड जातं.

२०१९ सालची. संघात एक अफलातून मुलगी होती. सूर मारून गडी बाद करायची तेव्हा वाटायचं, हिला हवेतच धरून ठेवलंय कुणी. एका स्पर्धेत तिने असा एक सूर मारला आणि माझ्या मोबाइलमध्ये तो नेमका टिपला गेला. कौतुकाने मी तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, देव जाणे. तिच्या गावात पोहोचला, भावकीत पोहोचला. अर्ध्या चड्डीतली मुलगी, मातीत आडवी. कुणीतरी त्याखाली काहीबाही लिहिलं.

तिचे वडील शाळेत आले. रागावले नाहीत. उलट हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर राग नाही. पण मला गावात राहायचंय." तिचा खेळ त्या दिवशी संपला. मी तीनदा घरी गेले, चहा मिळाला, मुलगी मिळाली नाही. घरी येऊन मी तो व्हिडिओ पुसून टाकला. चूक पुसल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

मागच्या उन्हाळ्यात ती स्टेशनवर भेटली. लग्न होऊन सुरतला असते, कडेवर दोन वर्षांची मुलगी. पाया पडली. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि गाडी लागल्यावर म्हणाली, "मॅडम, तो व्हिडिओ आहे का हो अजून तुमच्याकडे? हिला दाखवायचा होता, मोठी झाल्यावर."

मी काय सांगणार?

तो व्हिडिओ तिचा होता. टाकताना मी तिला विचारलं नाही आणि पुसतानाही विचारलं नाही. गुडघा वाचवणारा मोबाइल तोच आणि हाही तोच. यंत्र बदललं नव्हतं. पहिल्या वेळी चित्रण त्या मुलीच्या हातात गेलं होतं, तिने ते बघितलं, त्यातून शिकली. दुसऱ्या वेळी ते तिच्या डोक्यावरून जगाच्या हातात गेलं.

आज जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला, तेव्हापासून कितीतरी आया मला विचारतात, "मुलीला कुठल्या क्लासला घालू? तिथे व्हिडिओवर शिकवतात का? घड्याळ, अ‍ॅप वगैरे आहे का?" विचारा, जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारा, असं माझं सांगणं आहे.

सर किंवा मॅडम सरावाच्या सुरुवातीला मुलींशी दोन शब्द बोलतात का? काय खाल्लंस, झोप झाली का, काही दुखतंय का? पाळी आली आहे हे मुलीला न लाजता सांगता येईल असं तिथे कुणी आहे का? निदान एक बाई माणूस?

फटका किंवा पळती झाल्यावर आधी मुलीला विचारतात का, की तुला कसं वाटलं? आकडा नंतर. आणि आकडाही दर वेळी नको, दहा वेळांतून एकदा पुरे. एका वेळी एकच गोष्ट सुधारायची, पाच नाहीत.

मुलीचं चित्रण कोण करतं, कुणाच्या मोबाइलमध्ये राहतं, पुढे कुणाला जातं? ते मुलीला आणि आईला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असं स्पष्ट सांगतात का? आणि ते मुलीला मिळतं का? आठवण म्हणून ते तिचंच आहे.

आणि चौथं, स्वच्छतागृह आहे का, घरी परतायला उजेडात गाडी मिळते का? हसू नका. माझ्या एकतीस वर्षांत चुकीच्या तंत्रामुळे जेवढ्या मुली खेळ सोडून गेल्या, त्यापेक्षा जास्त या दोन कारणांनी गेल्या.

एवढं असेल आणि वर यंत्रही असेल, तर सोन्याहून पिवळं. यंत्र नसेल तरी हरकत नाही. पण यंत्र आहे आणि हे काहीच नाही, तर आपण मुलीला शिकायला पाठवत नाही, मोजायला पाठवतो.

पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी मी नातीच्या सरांना हे सगळं भीत भीत सांगितलं. म्हटलं, मी गावाकडची खो-खोची बाई, मला तुमच्या खेळातलं कळत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग नातीला म्हणाले, "आज पहिले दहा चेंडू पडदा बंद. मारल्यावर तूच सांगायचं, चेंडू कुठे गेला असेल. मग आपण पेटीला विचारू, तुझं बरोबर की चूक."

पहिले तीन-चार चेंडू ती गोंधळली, सारखी कोपऱ्याकडे बघत होती. सातव्याला तिने मारलं, काठी खांद्यावर तशीच ठेवून क्षणभर थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशीआजी, हा डावीकडे गेला. पण बसला मस्त."

सरांनी पेटी बघितली. खरंच डावीकडे गेला होता.